स्थानिक स्वरूपाचा विषय

सांगली, १२ मार्च १९४६

अर्ज नामंजूर झाला. पत्र इंग्रजीत आहे आणि एकाच वाक्याचं आहे. मराठीत ते असं होतं: विषय स्थानिक स्वरूपाचा असल्यानं आणि अर्जदारानं स्वतः केलेलं काम त्यात नसल्यानं समितीला विचार करता येत नाही.

मुंबईच्या प्रयोगशाळेत दोन वर्षं राहून संशोधन शिकण्याची ही शिष्यवृत्ती. माझा विषय नारू. पाण्यातून पोटात जाणारा आणि वर्षभरानं पाय फोडून हातभर दोऱ्यासारखा बाहेर येणारा किडा. तो म्हणे स्थानिक. ज्याचा पाय सुजतो त्याला तो स्थानिकच असणार.

अम्मीनं विचारलं, "काय लिहिलंय?" मी म्हटलं, पुढल्या वर्षी पुन्हा अर्ज करा असं लिहिलंय. असं पत्रात कुठंही नाही. पण मी ते बोलले आणि मग मलाच ते पटलं.

(घरात आमची दखनी चालते. ही वही मराठीत, कारण शाळेत हीच लिपी हाताला लागली. घरचं बोलणंही मी मराठीतच उतरवते.)

१४ मार्च

ओगले सरांकडे गेले. बी. एस्सी.ला त्यांनीच आम्हाला जीवशास्त्र शिकवलं. पत्र वाचून त्यांनी चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला.

"आबेदा, तुझं इंग्रजी उत्तम आहे. पण एक विचारू? तू नारू पाहिलायस का?"

"पुस्तकात पाहिलाय, सर."

"हं," एवढंच म्हणाले आणि चहा मागवला.

घरी येईपर्यंत मी संतापलेली होते. सरांना हे अर्ज जाण्याआधी सांगता आलं नसतं का? सर भित्रे आहेत. कुणाला दुखवायचं नाही, कुणापुढं उभं राहायचं नाही. मग अर्जाची नक्कल काढून वाचली. अकरा पानं, आणि अकराही पानं ग्रंथालयातल्या दोन पुस्तकांतून उचललेली. शेवटी 'वडिलांचा व्यवसाय' या रकान्यात मी लिहिलंय, 'कापडाचे व्यापारी'. अब्बा बाहेरच्या खोलीत मागावर बसले होते, खटखट चालली होती. व्यापार दुसरेच करतात, अब्बा फक्त विणतात.

समिती उद्धट आहे. पण तिचं म्हणणं चूक नाही. हे दोन्ही एकदम खरं असणं फार त्रासाचं आहे.

२ एप्रिल

औंध संस्थानात, आटपाडीच्या बाजूला माळेवाडी नावाचं गाव आहे. तिथल्या मुलींच्या शाळेत मास्तरीण हवी होती. सरांनी चिठ्ठी दिली, काम झालं. त्या भागात दर उन्हाळ्यात नारू निघतो, म्हणूनच मी ते गाव मागितलं.

सरांनी लाकडी पेटीतला सूक्ष्मदर्शकही दिला. "हा कॉलेजचा आहे. वहीत माझ्या नावावर लावलाय. तू नेलास हे बाहेर बोलू नकोस." सांगताना खिडकीकडं बघत होते. भित्रा माणूस बोलतो तो असा.

मिरजेचं स्थळ येणार होतं. अम्मी काल त्यांचं घर बघून आली आणि म्हणाली, उंबरा फार उंच आहे, नको. मला वाटलं होतं तिला माझ्या लग्नाची घाई आहे. तिला तर मनासारखा उंबरा हवा आहे.

माळेवाडी, ११ एप्रिल

साळूबाईंच्या घरी उतरले. विधवा आहेत, पन्नाशीच्या, घरात दोन शेळ्या. मी मुसलमान, तर चूल वेगळी मांडू का असं विचारलं. म्हणाल्या, "माज्या हातचं खाशील का? मग झालं की."

गावाला पाणी एकच. पायऱ्यांची विहीर, चोवीस पायऱ्या. बायका खाली उतरतात, घोटाभर पाण्यात उभ्या राहतात आणि घागर बुडवतात. दोरी नाही, रहाट नाही.

साळूबाईंच्या उजव्या घोट्याजवळ फोड होता. संध्याकाळी तो फुटला आणि आतून पांढरा दोरा डोकावला. त्यांनी काडी घेतली, दोऱ्याचं टोक तिला गुंडाळलं आणि वर चिंधी बांधली. रोज एवढाच ओढायचा, बोटभर. तुटला तर पाय कुजतो.

पुस्तकात याचं चित्र आहे. चित्राला वास नसतो.

१३ एप्रिल

सकाळी साळूबाईंबरोबर विहिरीवर गेले. चिंधी सोडून त्यांनी तो पाय सरळ पाण्यात घातला आणि डोळे मिटले.

"लय आग हुती गं. पान्यात घातला की जीव थंड हुतो."

शेजारच्या बाईनं त्याच पायरीवरून घागर भरली आणि गेली.

मी बाटलीत पाणी घेतलं. शाळा सुटल्यावर खिडकीशी पेटी मांडली. काचेखाली पाण्यातल्या पिसवा उड्या मारत होत्या, टाचणीच्या टोकाएवढ्या, एका डोळ्याच्या. पायातला नारू पाण्यात पिल्लं सोडतो, ती पिल्लं या पिसवा खातात, पिसू घागरीत जाते, घागर घरात, आणि पुढल्या उन्हाळ्यात पुन्हा कुणाचा तरी पाय. हे सगळं पुस्तकात होतं. पण पायरी नव्हती, आणि साळूबाईंनी मिटलेले डोळे नव्हते.

साळूबाईंना काचेतून दाखवलं. बराच वेळ बघत राहिल्या. "ह्ये आमी पितो?" "होय." "म्हंजे म्याच घातलं व्हय ह्ये, सगळ्यास्नी?" रात्री त्या जेवल्या नाहीत. मी दाखवायला नको होतं का? की दाखवण्यापूर्वी काही बोलायला हवं होतं? मला नुसतं बघायचं होतं, समोरच्या माणसाचं काय होईल हा विचारच आला नाही.

२९ मे

घरोघर मोजणी संपली. लोक लाजतात, पाय पदराखाली ओढून घेतात. पण साळूबाई बरोबर यायच्या, आधी स्वतःचा पाय दाखवायच्या, मग बाकीचे दाखवायचे. गावठाणात दोनशे शहाऐंशी माणसं, त्यातल्या एकाहत्तर जणांना यंदा नारू.

आज महारवाड्यात गेले. चव्वेचाळीस माणसं. नारू फक्त दोघांना. मला वाटलं लपवतायत. पुन्हा विचारलं. तेव्हा बयाबाई नावाच्या बाई म्हणाल्या, "आमाला कुठं हिरीवर येऊ देत्यात? आमी वड्यातल्या झिऱ्याचं पानी पितो." ओढ्याच्या वाळूत खड्डा करायचा, त्यात पाणी झिरपतं, ते वाटीनं भरायचं. घागरीला तासभर लागतो.

मी विचारलं, मग ते दोघं?

"त्ये हंबीररावाच्या मळ्यात कामाला हायत. थितं त्यास्नी वरनं वंजळीत पानी वततात. हिरीचं."

मी तिथंच मातीत बसून वही उघडली. ज्यांना विहीर बंद, ते बरे. त्यांच्यातले ज्यांना विहिरीचं पाणी मिळालं, तेच दोघं आजारी. अकरा पानांच्या माझ्या अर्जात यासारखं एक अक्षर नव्हतं.

बयाबाई माझ्याकडं बघत होत्या. "बाई, ह्ये लिवू नगा. झिऱ्याचं पानी चांगलं म्हनून कळलं तर झिरा बी आमचा ऱ्हायाचा न्हाई."

मी म्हटलं, कागद मुंबईला जाणार आहे, गावात नाही.

सांगली, २० जून

सुट्टीत घरी. साळूबाईंच्या फाटक्या लुगड्याचा तुकडा आणला होता, गाळणं म्हणून कुठलं कापड चालेल ते बघायला. नव्या मांजरपाटातून पिसवा पार गेल्या. जुन्या लुगड्याच्या दुहेरी घडीतून एकही नाही. मला कारण कळेना. अब्बांनी तुकडा उजेडात धरला, नखानं धागे मोजले.

"हे धुऊन धुऊन फुगलंय. सूत फुललं की भोकं बुजतात. नवं कापड दिसायला दाट, पण गाळायला हे."

मग सुताची एवढी टंचाई असताना त्यांनी हातभर कापड दाट विणलं, सात वेळा खळबळून धुतलं आणि माझ्यापुढं ठेवलं. काचेखाली पाणी स्वच्छ. अब्बांना बघायला बोलावलं. बघितलं, "बरं," म्हणाले आणि मागावर जाऊन बसले. मग खूप वेळ माग चालूच झाला नाही.

इस्लामपूरचं स्थळही मोडलं. मुलाला डोळा कमी आहे असं अम्मी म्हणते. मी त्याला बाजारात पाहिलंय, दोन्ही डोळे धड आहेत. अम्मीचीच नजर आता कमी झाली असावी.

माळेवाडी, १० ऑगस्ट

मोजणी खरी आहे असा पंचायतीचा दाखला अर्जाला जोडावा लागतो. इथं संस्थानानं पंचायतींना अधिकार दिले आहेत, आणि पंचायत म्हणजे हंबीरराव. फौजेतून सुभेदार होऊन आलेले, ताठ बसणारे, मोजकं बोलणारे. मी तक्ता वाचून दाखवला. महारवाड्याच्या ओळीशी त्यांनी हात वर केला.

"ही वळ काडा."

"का?"

"आमी गलिच्छ आन् त्ये स्वच्छ, आसं हुतंय हितं. आन् माज्या मळ्याचं नाव कशापायी? वळ काडा, आत्ता सही देतो."

"ओळ काढली तर मोजणी खोटी होईल, आणि तुमची सही खोट्यावर होईल."

ते चिडले नाहीत. "बाई, तुमी परगावच्या. अर्ज धाडून तुमी जानार. आमाला हितंच ऱ्हायाचंय." सही दिली नाही.

माझ्याकडून कागद मात्र तिथं सर्वांसमोर मोठ्यानं वाचला गेला. दारात दहा-बारा माणसं होती. बयाबाईंना मी काय सांगितलं होतं ते परत येताना आठवलं.

१६ ऑगस्ट

सरांना सगळं कळवलं होतं. उत्तर आलं: ती ओळ तूर्त गाळावी, समितीत जुन्या मताची माणसं आहेत, वाद टळेल. मी उलट टपाली लिहिलं, ओळ राहील. शिफारस द्यायची नसेल तर देऊ नका. जरा तिखट झालं पत्र. होऊ दे.

दाखल्याचा उपाय साळूबाईंनी काढला. "एक सही न्हाई तर न्हाई. आमच्या समद्यांचं आंगठं घे की." दोन संध्याकाळी आम्ही घरोघर फिरलो. एकावन्न घरांचे अंगठे, महारवाड्यातल्या आठ घरांचे धरून. बयाबाईंनी अंगठा दिला, पण तोंड फिरवून.

२४ ऑगस्ट

अर्ज टपालात टाकला. या वेळी चौदा पानं, त्यातली दोन पुस्तकातली. विषय तोच ठेवला. शीर्षकात गावाचं नाव मुद्दाम घातलं. त्यांना स्थानिक वाटतंय तर पत्त्यासकट घ्या म्हणावं. कापडाच्या चाचणीखाली अब्बांचं नाव लिहिलं, 'रमजान मोमीन, विणकर, सांगली यांच्या साहाय्यानं'. आणि वडिलांच्या व्यवसायाच्या रकान्यात तेच एक शब्दात.

सरांची शिफारस परस्पर गेली म्हणे. चार ओळी असतील.

सांगली, २८ डिसेंबर

मुलाखतीला बोलावलंय. मुंबईला दंगली होऊन गेल्या, अजून धुमसतंय. शेजारपाजारचे म्हणतात जाऊ नका. अब्बांनी पंचा खांद्यावर टाकून विचारलं, "गाडी किती वाजता?"

कोल्हापूरच्या मंडळींनी नकार कळवला. कुणीतरी त्यांना सांगितलं की मुलीला कमी ऐकू येतं. माझ्या वाईटावर कोण आहे? अम्मी म्हणाली, लोकांच्या तोंडाला हात कोण लावणार, आणि भाकरी थापत राहिली.

मुंबई, ९ जानेवारी १९४७

चार जण टेबलामागं. अध्यक्ष पांढऱ्या केसांचे. त्यांच्यापुढं अंगठ्यांचे कागद पसरलेले होते. कुणीतरी शाई टेबलाला लागू नये म्हणून खाली वर्तमानपत्र घातलं होतं.

"गेल्या वर्षी आम्ही विषय स्थानिक म्हटला. तुम्ही त्याच विषयाला गावाचं नावही लावलंत."

"तुम्ही म्हणालात म्हणून तिथं जाऊन राहिले, साहेब."

दुसरे म्हणाले, महारवाड्याची ओळ काढली तर निबंध जास्त शास्त्रीय वाटेल. मला ओगले सर आठवले, हंबीरराव आठवले. मी म्हटलं, "ती ओळ काढली तर निबंध उरत नाही. एक गाव, एक हवा, एकच ज्वारी, आणि पाणी मात्र दोन. असा प्रयोग कुणी मुद्दाम मांडला असता तर लोकांनी त्याला माणुसकी नाही म्हटलं असतं. गावानं तो पिढ्यान्‌पिढ्या मांडून ठेवलाय. मी फक्त मोजला."

मग जाड चष्म्याचे तिसरे म्हणाले, "एक स्पष्टच विचारतो. उद्या तुमची मंडळी तिकडे निघाली, तर ही दोन वर्षं वाया जायची."

"माझी विहीर आटपाडीजवळ आहे. ती मला तिकडं नेता येणार नाही."

"आणि यंदाही नकार आला तर?"

"पुन्हा अर्ज करीन. तेव्हा तक्त्यात तीन गावं असतील."

अध्यक्ष कागद आवरता आवरता म्हणाले, "तुमच्या प्राध्यापकांनी पाच पानं लिहिली आहेत. शेवटच्या पानावर त्यांनी आम्हाला चांगलंच फटकारलंय." पाच पानं? बहुतेक माझ्याच अर्जातली वाक्यं उतरवून काढली असतील. फटकारणं वगैरे अध्यक्षांचा विनोद.

अब्बा बाहेर बाकावर चार तास तसेच बसून होते, पाणीसुद्धा न पिता. म्हणाले, "इथलं पाणी कुठून येतं ते माहीत नाही."

माळेवाडी, २१ फेब्रुवारी

मिळाली. १ जुलैपासून दोन वर्षं. पत्र या वेळी दोन पानांचं आहे. शाळेच्या मुलींना सुट्टी दिली आणि मग मलाच कुठं जावं कळेना. साळूबाई शेळीचं दूध काढत होत्या. त्यांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "म्हंजे मुंबईला आमच्या आंगठ्यांचं खरं झालं तर."

होय, तसंच झालं.

१४ एप्रिल

बयाबाई शाळेच्या दारात उभ्या होत्या. आत आल्या नाहीत.

"बाई, म्या म्हनलं हुतं."

विहीर खाली गेली आहे, उन्हाळा कडक. गावातल्या बायका आठ दिवसांपासून झिऱ्यावर जातायत. ते पाणी चांगलं असल्याचं मुंबईनं मान्य केलं ना. महारवाड्याला खाली वळणावर हाकललंय, तिथं गुरं बसतात.

मी त्यांना म्हटलं, माझं चुकलं. त्या म्हणाल्या, "चुकलं म्हनून पानी वर येत न्हाई," आणि निघून गेल्या.

शिष्यवृत्तीचं पत्र पेटीत आहे. आज ते बघवेना.

१५ एप्रिल

हंबीररावांकडे गेले.

"झिरा सोडा," मी म्हटलं.

"तुमीच लिवलंय पानी चांगलं हाय. चांगलं पानी पितो तर त्ये बी वाईट?"

"मी लिहिलंय विहिरीत पाय घालू नका. पायऱ्यांचं तोंड भिंत घालून बंद करा, वर रहाट बसवा. तुमचीच विहीर चांगली होईल."

"पायऱ्या आमच्या पणज्यानं बांधल्यात. त्या बंद करून त्याचं नाव मिटवू?"

परत येताना वाटेत याला तीन उत्तरं सुचली.

घरी येऊन हे सांगितलं, साळूबाई ऐकत होत्या. यंदा त्यांच्या डाव्या पायाला नारू निघालाय, काडीला चार वेढे झालेत.

१६ एप्रिल

सकाळी उठले तर साळूबाई घरात नाहीत. विहिरीच्या सगळ्यात वरच्या पायरीवर आडव्या बसल्या होत्या. पाय लांब पसरलेला, चिंधी सोडलेली, काडी उघडी. शेजारी दोरी आणि बादली.

"खाली जायाचं न्हाई कुनी. जायाचं आसंल तर माज्या ह्या पायावरनं जावा. पानी म्या वडून देते."

काठावरून बादली सोडायची, ओढायची, घागरीत ओतायची. दुपारपर्यंत हाताला फोड आले. मी दोरी मागितली तर म्हणाल्या, तू शाळंला जा. लोक शिव्या देऊन गेले, काही झिऱ्यावर गेले, काहींनी घागर पुढं केली.

१८ एप्रिल

तिसरा दिवस. हंबीरराव स्वतः आले. "साळू, ऊठ."

"उटते की. भिंतीला दगूड आना, लगीच उटते."

तेवढ्यात चंद्राबाई आल्या, हंबीररावांची सून. त्यांना दोन्ही उन्हाळ्यांत नारू झालाय, गेल्या वर्षी तक्त्यात त्यांचं नाव घालू दिलं नव्हतं. सासऱ्यासमोर डोक्यावरचा पदर पुढं ओढला, साळूबाईंच्या हातातून दोरी घेतली आणि बादली खाली सोडली. सासऱ्यांकडे त्यांची पाठ होती.

हंबीररावांनी गड्याला दगड आणायला पाठवलं. जाताना मला म्हणाले, "तुमच्या वहीपायी न्हाई. ही म्हातारी हलत न्हाई म्हनून."

११ मे

भिंत पुरी झाली. पायऱ्यांचे वरचे दोन दगड तसेच बाहेर ठेवलेत, पणज्याचं नाव राहावं म्हणून. रहाट बसला. गावातल्या बायकांचं झिऱ्यावर जाणं थांबलं, महारवाडा आपल्या जागी परत आला. पण रहाटावर त्यांना मनाई तशीच आहे. मी पंचायतीत विचारलं. कुणी हो म्हटलं नाही, नाही म्हटलं नाही. दुसऱ्या कामाला लागले.

भिंतीचा गुण आत्ता दिसणार नाही. यंदा निघतायत ते गेल्या वर्षी पोटात गेलेले. खरं-खोटं पुढल्या उन्हाळ्यातच कळणार.

९ जून

देशाचे दोन भाग करायचं ठरलं. शाळेच्या ओट्यावर एका पंचांनी विचारलं, "मग बाई, तुमी जानार का?"

"जाणार. मुंबईला. पुढल्या एप्रिलमध्ये पाय मोजायला परत येणार."

२१ जून

उद्या निघायचं. सांगलीहून अम्मीचा निरोप आहे की तिनं वाळवणं बांधून ठेवलीत आणि दोन वर्षं कुणा स्थळाशी बोलायचं नाही असं ठरवलंय, कारण तिचे गुडघे दुखतात. गुडघ्यांचा आणि स्थळांचा काय संबंध ते तिलाच माहीत.

संध्याकाळी तक्त्याची नक्कल तपासायला विहिरीवर गेले होते, रहाटाची उंची नोंदवायची राहिली होती. चंद्राबाई आणि आणखी तिघी पाणी भरत होत्या. बयाबाई आल्या. डोक्यावर मोकळी घागर. वाटेत कुठं थांबल्या नाहीत, सरळ काठाशी आल्या आणि उभ्या राहिल्या.

दोघींनी अर्ध्या भरलेल्या घागरी उचलल्या आणि गेल्या. तिसरी जागची हलली नाही. चंद्राबाईंनी आपली घागर बाजूला केली आणि दोरी रहाटावर तशीच सोडून दिली.

बयाबाईंनी पदर खोचला. पहिल्यांदा बादली तिरकी पडली, रिकामी वर आली. दुसऱ्यांदा भरून आली. घागर काठोकाठ भरेपर्यंत त्यांनी दोरी सोडली नाही. मग उचलून डोक्यावर घेतली आणि माझ्याजवळून गेल्या.

"बाई, लिवा," एवढंच म्हणाल्या. थांबल्या नाहीत.

उद्या काय होईल कुणास ठाऊक. पंचायत बसेल, बोलणी होतील. साळूबाई म्हणतात, बसू दे, म्या बी बसते.

तक्ता पुढं घेऊन बसले आहे. दोन ओळी होत्या, विहिरीचं पाणी आणि झिऱ्याचं पाणी. पुढल्या वर्षी बयाबाईंचं घर कुठल्या ओळीत घालायचं? तुलना पार बिघडली. मुंबईला पोचल्यावर पहिल्याच दिवशी हे समितीला सांगावं लागणार, आणि मी ते त्यांना उभी राहून सांगणार आहे.